खिडकीबाहेरचंही छापा: संशोधन-नियतकालिकांच्या संपादकांना आणि परीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
नवे पदार्थ आणि पृष्ठविज्ञान या विषयांवरच्या संशोधन-नियतकालिकांचे संपादक आणि परीक्षक यांस,

स.न.वि.वि.

माझी मुख्य विनंती अशी: नमुन्याच्या जवळून काढलेल्या चित्राबरोबर अख्ख्या नमुन्याचं चित्रही छापा. सुरुवात कबुलीजबाबानं करते. काही वर्षांपूर्वी तुमच्यापैकी एकांकडे मी एक पेपर पाठवला होता. पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे ५०० नॅनोमीटर व्यासाचे गोळे पाण्यावर पसरायचे, त्यांचा एकेरी थर जमू द्यायचा आणि तो अलगद सिलिकॉनच्या चकतीवर उचलून घ्यायचा, असं ते काम. सोबत दोन चित्रं होती. एक इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं, पाच मायक्रॉन लांब, पाच मायक्रॉन रुंद (हजार नॅनोमीटर म्हणजे एक मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग). दुसरं अख्ख्या चकतीचं, साध्या फोनच्या कॅमेऱ्यानं तिरक्या उजेडात काढलेलं. पहिल्यात प्रत्येक गोळ्याभोवती सहा गोळे, एकही जागा चुकलेली नाही. दुसऱ्यात निळी-हिरवी ठिगळं, त्यांच्यामधून गेलेल्या काळसर भेगा आणि एका कडेला थरावर थर चढून आलेली पांढुरकी वळी.

अभिप्राय आला: मांडणी सदोष आहे, पद्धतीवर पुरेसं नियंत्रण दिसत नाही. पेपर परत.

सहा महिन्यांनी तोच पेपर मी दुसरीकडे पाठवला. चकती तीच, आकडे तेच. दुसरं चित्र तेवढं काढून टाकलं. या वेळी परीक्षकांनी ‘अत्यंत सुबक मांडणी’ म्हणून पाठ थोपटली आणि पेपर छापून आला.

पाठ थोपटून घेतली मीच, त्यामुळे तक्रार करायचा अधिकार मला किती, हा प्रश्न रास्त आहे. पण हिशेब तरी मांडू द्या. पाच बाय पाच मायक्रॉनच्या त्या खिडकीत शंभराहून थोडे अधिक गोळे मावतात. बोटाच्या नखाएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटीमीटर जागेत अशा चाळीस लाख खिडक्या बसतात आणि गोळे बसतात सुमारे शेहेचाळीस कोटी. चाळीस लाखांतली एक खिडकी मी निवडली. दुपारभर मायक्रोस्कोपपाशी बसून, भिंग इकडून तिकडे सरकवत निवडली. आमच्या कामात या बसण्याला ‘चांगली जागा शोधणं’ म्हणतात. हा वाक्प्रचार प्रत्येक प्रयोगशाळेत चालतो आणि छापील पेपरात कधीच येत नाही.

आता हे सगळं ज्या शब्दाच्या आडोशानं चालतं, त्या शब्दाकडे येते. स्वयंजुळणी. म्हणजे कण आपले आपण जुळतात, आपण फक्त बघायचं. शब्द खोटा नाही. पाण्यावर कण येऊन बसतो त्यात खरंच कुणाचा हात नसतो. पाणी आणि हवा यांच्यातली हद्द राखायला ऊर्जा खर्च होते. कण त्या हद्दीवर बसला की त्याच्या पोटाएवढी हद्दच नाहीशी होते आणि तेवढी ऊर्जा वाचते. दहा नॅनोमीटर त्रिज्येचा कण घेतला आणि संपर्ककोन (कणाच्या अंगाशी पाण्याची कड करते तो कोन) ९० अंश धरला, तर ही बचत खोलीच्या तापमानाला रेणूंची जी औष्णिक थरथर असते तिच्या साडेपाच हजार पट भरते. बचत त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एक नॅनोमीटर त्रिज्येचा कण पंचावन्न पटींवर असतो, धक्क्याधक्क्यानं कधीतरी निसटूही शकतो. माझे अडीचशे नॅनोमीटर त्रिज्येचे गोळे पस्तीस लाख पटींच्या आसपास. ते एकदा बसले की बसले.

गोम इथेच आहे आणि तुमचे परीक्षक इथूनच घाईनं पुढे जातात. जुळणी पक्की असणं आणि नीटस असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळदा पहिली दुसरीच्या मुळावर येते. शिस्त लागायला चूक सुधारायची सोय लागते: कण चुकीच्या जागी बसला तर सुटून पुन्हा बसता आला पाहिजे. पाण्यावरून वर किंवा खाली सुटायची वाट तर बंदच. आडवं सरकायची मोकळीक राहते, तीही कण एकमेकांना भिडेपर्यंतच. पाण्यावरचे दोन बुडबुडे एकमेकांकडे ओढले जातात हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तिथे बुडबुड्यांभोवती पाण्याचा पृष्ठभाग वाकलेला असतो. माझ्या गोळ्यांचं वजन इतकं नगण्य की त्यानं पाणी वाकत नाही. पण गोळ्याचं अंग अगदी गुळगुळीत नसतं, पाण्याची कड त्या खडबडीवर अडखळते, नागमोडी होते आणि भोवतालचं पाणी किंचित उंचसखल होतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानं दाखवलं की एवढीशी उंचसखलताही सूक्ष्म गोळ्यांना एकमेकांकडे जोरात ओढायला पुरते. मग जो ज्याला पहिल्यांदा भेटला, तो त्याला चिकटला. जागा चुकली असली तरी आता उठायचं नाही.

उलट उदाहरणही आहे. पावेल पिएरान्स्की यांनी १९८० साली २४५ नॅनोमीटरच्या पॉलिस्टायरीन गोळ्यांचा पाण्यावरचा स्फटिक दाखवला, त्यात गोळे एकमेकांना टेकलेलेच नव्हते. गोळ्यांवरच्या विद्युतभारामुळे ते एकमेकांना दूर ढकलत होते आणि सगळे सगळ्यांपासून शक्य तितके लांब राहण्याच्या खटपटीत त्रिकोणी जाळी तयार झाली होती. न भेटल्यामुळे लागलेली शिस्त! मला हा प्रयोग फार आवडतो. पण अशी सुटी जाळी पाण्यावरून काचेवर उचलायला गेलं की सुकताना मेनिस्कस, म्हणजे पाण्याची वाकलेली कड, तिला ओढतो, गोळे गटागटानं एकत्र येतात आणि जाळी जाते. पाण्यावरचं चित्र आणि काचेवरचं चित्र एकच, असं गृहीत धरून लिहिलेले पेपर मी स्वतः तपासले आहेत.

म्हणजे ‘स्वयं’ हा शब्द गोष्टीच्या पहिल्या ओळीला लागू आहे. त्यानंतरची गोष्ट हातांची आहे. ती कशी असते ते एकदा जवळून बघा.

टेफ्लॉनचा ट्रफ, म्हणजे उथळ पन्हाळी, सकाळी क्लोरोफॉर्मनं पुसायचा. शुद्ध पाणी काठाच्या किंचित वर, फुगवटा दिसेल इतकं भरायचं. दोन्ही बॅरियर, म्हणजे पाण्यावरून सरकणाऱ्या आडव्या पट्ट्या, जवळ आणायचे, मधला पृष्ठभाग बारीक नळीनं शोषून घ्यायचा, बॅरियर उघडायचे, पुन्हा जवळ आणायचे. कण अजून टाकलेलेच नाहीत. तरीही बॅरियर मिटताना पृष्ठदाबाचा (पाण्यावर पसरलेल्या थराच्या दाबाचा) काटा हलला, तर पाण्यावर आपल्याआधी कुणीतरी येऊन बसलंय असं समजायचं आणि पुन्हा शोषायचं. काटा जागचा हलेनासा झाला की मग कणांचा द्राव. माझ्या गोळ्यांसाठी तो अल्कोहोलमध्ये मिसळून तिरप्या काचेवरून इतका हळू सोडावा लागतो की थेंब पाण्यात बुडू नये, पाण्यावर पसरावा. घाई केली की निम्मे गोळे तळाशी. सगळं जमलं तर काचेच्या पायथ्याशी एक फिका हिरवा डाग उमटतो आणि पाण्यावर पुढे सरकत जातो. बॅरियर दाबत आणले की डागांचे तुकडे एकमेकांना टेकतात. डोकं जरा खाली घेऊन पाहिलं तर प्रत्येक तुकड्याचा रंग वेगळा.

हा रंग हीच माझ्या विनंतीची भक्कम बाजू आहे. अशा थरावरून प्रकाशाचं विवर्तन होतं आणि कुठला रंग कुठल्या दिशेला जाणार हे गोळ्यांच्या रांगा कुठे तोंड करून उभ्या आहेत त्यावर ठरतं. एका तुकड्यात रांगा एका दिशेला, शेजारच्यात दुसऱ्या, म्हणून रंग दोन. चकती हातात धरून फिरवली की कुठला तुकडा किती मोठा, सांधे कुठे, भेगा कुठे, हे दहा सेकंदांत नुसत्या डोळ्यांना कळतं. इतकी महागडी यंत्रं वापरूनही जी माहिती पेपरात नसते, ती फोनच्या फोटोत असते. आणि आपल्याकडे, म्हणजे तुमच्याकडे आणि माझ्याकडे, तो फोटो ‘अव्यावसायिक’ समजला जातो.

पेपरात न येणाऱ्या गोष्टी फोटोपुरत्याच नाहीत. एका वर्षी सलग तीन आठवडे आमचा एकही थर बसेना. पाणी बदललं, कण बदलले, ट्रफ घासून घासून दमलो. दोष निघाला नव्या प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये. तिचा दट्ट्या सहज सरकावा म्हणून आत सिलिकॉन तेलाचा हात फिरवलेला असतो. ते तेल कणांच्या आधी पाण्यावर पसरत होतं. काचेची सिरिंज घेतली, थर बसला. आमच्या पेपरात याचं काय झालं? ‘द्राव सिरिंजने सोडला.’ तीन आठवडे, तीन शब्द.

माझी एक विद्यार्थिनी एका प्रसिद्ध पेपरातली पद्धत चार महिने करत होती. थर पाण्यावर उत्तम यायचा, काचेवर घेतला की फाटायचा. शेवटी तिनं लेखकांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर अगत्याचं होतं: काच प्लाझ्मातून (विद्युतभारित वायूतून) काढल्यावर आम्ही दहा मिनिटांच्या आत वापरतो, नंतर तिचा पाणी धरायचा गुण उतरतो. ही दहा मिनिटं पेपरात नव्हती. लेखकांनी ती लपवली असं मला वाटत नाही. त्यांच्या हाताला ती इतकी सवयीची झाली होती की लिहायची राहिली, आणि तुमच्यापैकी कुणी विचारली नाहीत.

सोन्याच्या कणांची तर याहून मजा. कणांना थायोलचं, म्हणजे सोन्याला चिकटणाऱ्या गंधकयुक्त रेणूंचं, वेष्टण असतं आणि बनवल्यावर जास्तीचं थायोल धुऊन काढायची पद्धत आहे. पेपरात लिहिलेलं असतं, ‘कण अनेकदा धुतले’. पण २००६ साली दाखवलं गेलं की सुकत्या थेंबाच्या पृष्ठभागावर सोन्याच्या कणांचा सलग एकेरी थर वाढण्यात हेच जास्तीचं थायोल कळीचं असतं. मग ‘अनेकदा’ म्हणजे दोनदा की पाचदा यावर थर बसणार की विस्कटणार हे अवलंबून असतं. आणि आम्ही तिथे ‘अनेकदा’ लिहून मोकळे होतो.

तुम्हाला तुमच्याच घरातला एक दाखला देते. ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पोकेल्स यांना विद्यापीठाचं शिक्षण मिळालं नव्हतं. घर सांभाळता सांभाळता त्यांनी पाण्याच्या पृष्ठभागावर प्रयोग केले आणि जानेवारी १८९१ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना जर्मनमधून पत्र लिहून कळवले. रॅले यांनी ते भाषांतर करवून ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाकडे पाठवलं आणि १२ मार्च १८९१ च्या अंकात ते छापून आलं. त्या पत्रातली पन्हाळी कशी होती हे मी आज तुम्हाला सांगू शकते: पत्र्याची, ७० सेंटीमीटर लांब, ५ सेंटीमीटर रुंद, २ सेंटीमीटर उंच. काठोकाठ पाणी. त्यावर आडवी ठेवलेली दीड सेंटीमीटर रुंदीची पत्र्याची पट्टी, जी सरकवून पृष्ठभाग आक्रसता येई. पृष्ठभागावर मळ असला तर काय होतं, हा त्यांना नडणारा प्रश्न नव्हता, तोच त्यांचा विषय होता. पुढे अर्व्हिंग लँगम्यूर यांनी याच प्रकारची पन्हाळी सुधारून वापरली आणि १९३२ साली पृष्ठरसायनासाठी त्यांना नोबेल मिळालं. आज माझ्या टेबलावर जे आहे ते त्याच पन्हाळीचं नातवंड.

पदवी नसलेल्या एका बाईचं पत्र संपादकांनी मापांसकट छापलं. आज तेच हस्तलिखित तुमच्याकडे आलं तर पहिला प्रश्न काय येईल याची मी कल्पना करते आणि गप्प बसते.

नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टीला किती मोल असू शकतं, याचा याहून अलीकडचा दाखला १९९७ सालचा आहे. जेम्स हीथ आणि सहकाऱ्यांनी चांदीच्या नॅनोकणांचा थर ट्रफवर दाबत नेला. कणांमधली फट अर्ध्या नॅनोमीटरच्या खाली गेली तसा तो थर धातूसारखा वागू लागला आणि पाण्यावर आरशासारखी चकाकी आली. बॅरियर मागे घेतले की पुन्हा पूर्ववत. कण तेच, पाणी तेच, बदललं ते अंतर. नवा पदार्थ घडवणं म्हणतात ते हेच, आणि ते दाबणाऱ्या हाताशिवाय झालेलं नाही.

आता षट्कोनांबद्दल. तुम्हा परीक्षकांना षट्कोन फार आवडतात. मलाही आवडतात. समान वर्तुळं सपाटीवर याहून दाट बसूच शकत नाहीत, ९०.७ टक्के जागा भरते, आणि डोळ्यांना ते गोड दिसतं. पण प्रत्येक कामाला ते लागत नाहीत. थर साचा म्हणून वापरून त्याच्या फटींतून धातू उडवायचा असेल, तर एकेक गोळा चुकला तरी नक्षी बिघडते. तिथे जरूर कान पिळा. काचेवरची चकाकी कमी करायची असेल तर विस्कटलेला थरही काम करतो, कधी कधी बरंच, कारण त्यात नको ते रंग उमटत नाहीत. तेलाचे थेंब कणांच्या कवचानं टिकवायचे असतील तर विचारायलाच नको. वॉल्टर रॅम्सडेन यांनी १९०३ मध्ये आणि स्पेन्सर पिकरिंग यांनी १९०७ मध्ये कणांनी थोपवलेल्या अशा मिश्रणांबद्दल लिहिलं, तेव्हा षट्कोनाची अट कुणी घातली नव्हती.

बायजेलचं, म्हणजे कणांनी अडवून धरलेल्या दोन द्रवांच्या मिश्रणाचं, उदाहरण तर तुम्हाला पाठ असायला हवं. दोन द्रव एकमेकांपासून विलग व्हायला लागले की त्यांच्यामधली हद्द आक्रसत जाते. त्या हद्दीवर पुरेसे कण अडकलेले असतील तर एका क्षणी कणांची अशी कोंडी होते की हद्द पुढे आक्रसूच शकत नाही. दोन्ही द्रव एकमेकांत गुंतलेले, दोघेही आरपार सलग, आणि मध्ये कणांची भिंत. २००५ साली संगणकावरच्या सिम्युलेशननं हे होऊ शकेल असं सांगितलं आणि २००७ साली पाणी, ल्युटिडिन हा सेंद्रिय द्रव आणि सिलिकाचे कण घेऊन ते प्रत्यक्षात करून दाखवलं गेलं. तिथे कोंडी हेच यश आहे. ती भिंत वाकड्यातिकड्या वळणांनी जाते, तिच्यावर शिस्तीची जाळी ताणून बसवताच येत नाही. तरी अशा हस्तलिखितावर ‘मांडणीची सुव्यवस्था मोजून दाखवावी’ असा शेरा आलेला मी पाहिला आहे. लेखकांनी बिचाऱ्यांनी मोजूनही दाखवली. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

मी काय मागते आहे ते आता सांगते. जवळच्या चित्राबरोबर दूरचं चित्र सक्तीचं करा: नमुना अख्खा, उघड्या डोळ्यांना दिसतो तसा, शेजारी मोजपट्टी. छापलेली खिडकी नमुन्याच्या कुठल्या भागातली आहे ते त्यावर खूण करून दाखवायला सांगा. कितीदा केलं आणि त्यांतले किती थर कामाला आले हे एका ओळीत लिहायला लावा. ‘अनेकदा’, ‘हळूहळू’, ‘थोडा वेळ’ हे शब्द कृतीच्या भागात दिसले की लाल शाईनं खूण करा. आणि परीक्षकहो, ज्यानं भेगा दाखवल्या त्याला भेगा दाखवल्याबद्दल परत पाठवू नका. एवढ्या एका गोष्टीनं बाकीच्या आपोआप होतील, कारण आम्ही चित्र लपवतो ते तुमच्या भीतीनं, हौसेनं नव्हे.

तुम्ही म्हणाल, शक्यता सिद्ध करायला एक चौरस मायक्रॉन पुरे. बरोबर. पेपर ‘हे होऊ शकतं’ एवढंच म्हणत असेल तर माझी हरकत नाही. पण बहुतेकांचं शेवटचं वाक्य ‘ही पद्धत मोठ्या क्षेत्रफळावर सहज नेता येईल’ असं असतं. माझ्याही त्या पेपरात ते आहे. त्या वाक्यासमोर मोठ्या क्षेत्रफळाचं निदान एक चित्र मागण्यात तुमचा काय तोटा? जागेची अडचण तर आता राहिलेली नाही. पुरवणी फाइलींत आम्ही चाळीस-चाळीस पानं कोंबतो, त्यात एक फोटो खुशाल मावेल.

माझं नाव खाली घालत नाही, कारण हे वाचून तुम्ही मला शोधण्यापेक्षा तुमच्या टेबलावरचं पुढचं हस्तलिखित उघडावं असं मला वाटतं. पण कबुली अर्धवट राहू नये म्हणून एक सांगते. ज्या नियतकालिकात तो पेपर आला, त्यांना मागच्या आठवड्यात मी वगळलेलं चित्र पुरवणी म्हणून जोडावं अशी विनंती केली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. चित्रात डाव्या कडेला, जिथून मी चकती पाण्यातून वर काढली, तिथे भेगा सगळ्यात दाट आहेत. वरच्या कोपऱ्यात अर्धचंद्रासारखा थराविना राहिलेला भाग आहे, तिथे चिमटा धरला होता. छापून आलेली खिडकी मध्यापासून थोडी उजवीकडे आहे, मी तिच्याभोवती लाल चौकोन काढायला गेले. त्या चित्रात तो एका ठिपक्याएवढाही दिसेना, म्हणून शेवटी बाणच काढला.

आपली,
ट्रफपाशी उभी राहणारी एक संशोधक